सूर्याची भट्टी कुठे अडली? सिद्धांतात नाही, कारागिरीत

किन्हीराजा (जि. वाशीम) : फ्रान्समधल्या कादाराश इथे भारतासह सात भागीदार ‘ईटर’ ही भट्टी उभारत आहेत. सूर्यात हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन जी ऊर्जा निघते, ती इथे जमिनीवर मिळवायची आहे. पहिला प्रयोग २०२५ मध्ये होणार होता. जुलै २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं : संशोधन २०३४ पासून, खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ पासून.

उशीर का झाला? कोरोना हे एक कारण. दुसरं म्हणजे शीतक नळ्यांना पडलेले तडे आणि जोडाच्या कडांची न जुळणारी मापं. म्हणजे अडचण मोठ्या सूत्रात नव्हती, वेल्डिंगमध्ये आणि मापात होती.

आता तापवण्याचं बघा. आतला वायू १५ कोटी अंशांपर्यंत न्यायचा आहे. त्यासाठीचा एक मार्ग मायक्रोवेव्हचा. घरातलं यंत्र साधारण ८०० वॅटचं. ईटरची एक ‘जायरोट्रॉन’ नळी १० लाख वॅटची. चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून तिच्या लहरी निघतात. त्या बाहेर जायला खिडकी लागते. लहरींचा थोडा अंशही खिडकीत अडकला, तर साधी काच तडकेल. म्हणून कृत्रिम हिऱ्याची चकती बसवतात : हिरा लहरी जवळपास शोषत नाही आणि तांब्याच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतो.

सुरुवातीच्या वाटपात अशा २४ नळ्यांपैकी २ भारताकडे आल्या. अशा नळ्या बनवणारे देश मोजकेच. ४२ गिगाहर्ट्झची देशी नळी घडवण्याच्या प्रकल्पात पिलानीची सीरी, बनारस हिंदू विद्यापीठ, आयआयटी रुरकी, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्यासोबत आपल्या मुंबईची ‘समीर’ संस्थाही होती. ईटरचं अवाढव्य क्रायोस्टॅट तर सुरतजवळच्या हजिऱ्यात घडलं.

या विजेवर आपल्या गावातला पंप लवकर चालेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण काम आजच सुरू आहे, आणि ते फक्त डॉक्टरेटवाल्यांचं नाही. निर्वात जोडणी, अचूक टर्निंग, धातू-सिरॅमिकचा सांधा हे हुनराचं काम आहे. आपल्या घरांत हुनर पिढ्यान्‌पिढ्या आहे, कमी पडतो तो इल्मचा जोड. दहावीनंतर मुलगा आयटीआयला किंवा मुलगी डिप्लोमाला जाते म्हणाली, तर “मार्क कमी पडले म्हणून” असं म्हणू नका. गणित आणि भौतिकशास्त्र मात्र सुटू देऊ नका. सूर्याची भट्टी आज अडली आहे ती नेमकी अशाच हातांसाठी.