देवाला जाब विचारला तर पाप लागतं का?



आज फवारणीचं, खताचं काही नाही. तरी सुरुवात झेंडूपासूनच करावी लागणार, कारण विषय तिथूनच निघाला.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. २० गुंठे झेंडू. रोपं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावलेली, म्हणजे ६०-६५ दिवसांत बरोबर दसऱ्याला तोडा येणार. हिशोब चुकला नाही. फूल भरलं, रंग आला, आणि तोड्याच्या आधी चार दिवस पाऊस बसला तो उठेचना. भिजलेला झेंडू कसा होतो तुम्हाला सांगायला नको. देठाकडून काळा पडतो, हाताला गिळगिळीत लागतो आणि क्रेटमध्ये एकमेकाच्या उबेनं शिजतो. निवडून निवडून ३८ क्रेट भरले, रात्रीच्या गाडीत टाकले आणि मीही गाडीतच बसलो. माल चांगला असला तर घरी बसून पट्टी येते. भिजलेला असला तर आपण समोर उभं राहावं लागतं.

पहाटे दादरच्या फूल मार्केटात उतरलो. व्यापाऱ्यानं एक फूल उचलून दाबलं, पाणी निघालं. बोलला काही नाही, हात पुसला. शेवटी १५ रुपयांनी २७ क्रेट गेले. ११ क्रेट तिथंच ओतून रिकामे करून घेतले. दोन पावलांवर कोरडा माल चढ्या भावानं जात होता.

तिथून लालबागला काकीकडं गेलो. आमचे चुलते, आप्पा, साताऱ्याहून मुंबईला गेले ते गिरणीत साच्यावर लागले आणि लालबागच्या चाळीतल्या खोलीत संसार केला. आप्पा आता नाहीत. काकी आहे, चुलतभाऊ आहे, त्याचा पोरगा आहे. चहा पिता पिता माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्या देवाला काय डोळं हायत का न्हाईत? त्याच्याच दारात जाणारं फूल त्यानंच नासवलं."

तर तो पोरगा, चोवीस वर्षांचा, चांगला शिकलेला, मला म्हणतो, "काका, देवाला असं विचारायचं नसतं. पाप लागतं. तो परीक्षा घेतो."

मी गप्प बसलो. काकी गप्प बसली नाही. म्हणाली, "तुझ्या आज्यानं इठोबाला भिंतीकडं तोंड करून ठिवला हुता, तवा तू जन्मलाबी नव्हतास."

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती. त्या दिवशी पूर्ण कळली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आप्पा माळकरी. पहिले काही महिने उमेद होती. मग गावाकडून ज्वारी येऊ लागली, मग काकीची बोरमाळ गेली, मग थोरल्या पोरीची शाळा सुटली. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, तुम्हाला ठाऊक असेल. आप्पांनी युनियनला विचारलं, गिरणीच्या गेटवर जाऊन विचारलं, मोर्चात जाऊन सरकारला विचारलं. कुठूनच उत्तर आलं नाही, तेव्हा एका रात्री त्यांनी पंढरपूरहून आणलेली तसबीर खिळ्यावरच उलटी फिरवली. म्हणाले, "माझं तोंड बघायची ह्याची इच्छा न्हाई, तर मलाबी ह्याचं बघायचं न्हाई."

काकीनं तसबीर सरळ केली नाही. ती रोज तसबिरीच्या पाठीला, त्या पुठ्ठ्याला कुंकू लावायची आणि उदबत्ती ओवाळायची. आणि आप्पांनी त्या सगळ्या काळात एकादशी एकदाही मोडली नाही. भांडण होतं, पण उपास चालू होता. पुढं ते एका इमारतीत वॉचमन लागले. एक दिवस ड्युटीवरून आले, हातपाय धुतले आणि तसबीर सरळ केली. का केली, ते काकीनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता माझा त्या पोराला आणि त्याच्यासारखं बोलणाऱ्या सगळ्यांना सवाल आहे. आप्पा नास्तिक झाले होते का? ज्याला देव नाहीच असं वाटतं, तो तसबीर काढून माळ्यावर टाकील. तोंड फिरवतो तो माणूस समोर कुणीतरी आहे असं धरूनच फिरवतो. रुसायला, भांडायला माणूस आपला लागतो.

आणि हे काही आप्पांनी नवीन काढलं नाही. आपली भाषाच बघा. पाऊस लांबला की आपण देव पाण्यात ठेवतो. त्याला पूजा म्हणा नाहीतर अडवणूक म्हणा, पण 'सोडव, तोवर बाहेर काढत नाही' असंच ते असतं. परळ-लालबागच्या चाळींत घाटावरच्यांइतकीच कोकणातली बिऱ्हाडं. त्यांच्याकडं गणपतीपुढं जे घालतात त्याचं नावच गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार! आणि गावी कौल लावतात तेव्हा गुरव पाषाणाला कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवून देवाला सरळ प्रश्न टाकतो, उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. प्रश्न विचारणं पाप असतं तर गुरवाचं घर कधीच बसलं असतं.

तुकोबांचं तर काय सांगावं. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकानदारी बुडाली. पुढं ते विठोबाशी इतके भांडले की माझ्या हिशोबी देव उरलाच नाही, इथपर्यंत बोलून गेले. आज त्याच माणसाची पालखी आपण खांद्यावर घेतो. गिरगावात 'प्रार्थना समाज' हा पत्ता सगळ्यांना माहीत आहे, पण तो बसस्टॉप म्हणून. १८६७ साली आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी तो समाज काढला, पुढं रानडे, भांडारकर त्यात आले. मूर्ती का पुजायची, जात का पाळायची, हे प्रश्न त्यांनी विचारले आणि देव सोडला नाही. मूर्ती बाजूला ठेवणाऱ्या त्या मंडळींना उपासनेला अभंग लागले ते तुकोबांचे.

पण मला जास्त जवळची वाटते ती दादरची १९२६ ची हकिगत, कारण त्यात फुलं आहेत. सार्वजनिक गणेशोत्सव सार्वजनिक म्हणता, वर्गणी सगळ्यांची घेता, मग दलिताच्या हातची पूजा का नाही, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या बरोबरच्यांनी टाकला. मोठं रण पेटलं. शेवटी तोडगा काय निघाला, तर दलित माणसानं फुलं पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्यानं ती गणपतीला वाहायची. मडकेबुवांनी ती फुलं दिली. दादरला क्रेट उतरवताना माझ्या मनात येतं, ह्या फुलाला किती हात लागले, कुणाकुणाचे लागले, देवाला विचारलं असतं तर त्यानं एकाला तरी नको म्हणलं असतं का? देवाला विचारू नका म्हणणारा बऱ्याच वेळा देवाच्या वतीनं स्वतःच बोलत असतो. उत्तर त्याच्याकडंच मागितलं जाईल, ही भीती त्याला असते.

नवसाचंही बोलतो, राग मानू नका. लालबागचा राजा १९३४ साली बसला तो तिथल्या कोळ्यांच्या, विक्रेत्यांच्या बाजाराच्या जागेच्या नवसातून. पोटाचा प्रश्न होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. आज तिथं नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची रांग वेगळी. आमचा पोरगा रात्रभर नवसाच्या रांगेत उभा राहतो. अमुक दे, मी तमुक देतो, हा व्यवहार देवाशी केलेला चालतो, आणि 'असं का केलंस' एवढं विचारलं की पाप? व्यापाऱ्याशीसुद्धा आपण दोन्ही बोलतो.

आता माझी स्वतःची चूकही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गडी नुसता देवावर ढकलतोय. घरी आल्यावर रानात उभा राहिलो. माझा झेंडू सपाट रानात, साध्या सरीवर. खालच्या बाजूला चर नाही. चार दिवस पाणी मुळाशी उभं राहिलं, फुलं वरून भिजली ती भिजलीच, पण झाडंही खालून मर लागून बसली. वरच्या शिवारातल्या एकाचा प्लॉट गादीवाफ्यावर, बाजूनं चर काढलेली. त्याचा पहिला तोडा गेला, पण झाडं उभी राहिली आणि दिवाळीला त्यानं पैसे केले. म्हणजे मी लालबागच्या खोलीत बसून देवाला जे विचारत होतो, त्यातलं निम्मं मला मेमध्ये जेसीबीवाल्याला विचारायचं होतं.

पण सगळ्यांचं तसं नसतं. माझ्या बांधाला लागून एका बाईचं १० गुंठे आहे. नवरा नाही, दोन पोरं. तिनं गादीवाफे केले होते, चर काढली होती, कृषी सहायकानं सांगितलं ते सगळं केलं होतं. ओढा फुटला आणि मातीसकट वाफे घेऊन गेला. पंचनाम्याच्या दिवशी ती तलाठ्याशी एक शब्द बोलली नाही, ओढ्याकाठच्या म्हसोबाकडं बघत म्हणाली, "माझं काय चुकलं, तेवढं सांग." तिथं जमलेल्यांतल्या एका शहाण्यानं तिला म्हणलं, असं देवाला बोलू नये. मला त्या माणसाचा राग आला, अजून आहे. तिचा प्रश्न चराचा नव्हता, बेण्याचा नव्हता, आमच्यापैकी कुणाकडंच त्याचं उत्तर नव्हतं. ज्याच्याकडं असेल असं तिला वाटतं, त्यालाच ती विचारत होती.

ह्या वर्षी मेमध्ये दोन फूट खोल चर काढून घेतली आहे, तिच्या बांधापासून ओढ्यापर्यंत सलग, दोघांच्या रानाची मिळून. जेसीबीला किती तास लागले, खर्च काय आला आणि उतार कसा धरला ते पुढच्या नोंदीत फोटोसकट टाकतो.