तलवार स्वगृही आणायची, तर वाट स्वच्छ हवी

१९ जुलै २०२४ या दिवशी सातारा नगरीने एक आगळा सोहळा अनुभवला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जनतेच्या दर्शनासाठी ठेवण्यात आली. त्यासाठीचा करार ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनमध्ये झाला होता. पुढे वर्षभराने, १८ ऑगस्ट २०२५ रोजी, नागपूरकर रघूजीराजे भोसले यांची तलवार मुंबईत पोहोचली. लंडनमधील सोदबीच्या लिलावात एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने ती मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली होती.

दोन्ही प्रसंगी महाराष्ट्र आनंदला, आणि ते योग्यच झाले. परंतु उत्सवाचा गुलाल झटकल्यावर एक प्रश्न उरतो. शासनाला जे साधले ते सामान्य नागरिकाला साधेल काय? लंडन वा न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या एखाद्या सातारकराने तेथील लिलावात मराठा घाटाची तलवार घेतली आणि ती आपल्या गावच्या वाड्यात वा एखाद्या संग्रहालयात ठेवण्याचे मनात आणले, तर त्याची वाट कशी आहे? सांगलीच्या एखाद्या आखाड्याला सरावासाठी परदेशी बनावटीची बोथट पाती मागवायची असतील, तर त्यांनी कोणाचे दार ठोठवावे? या प्रश्नांना आज सरळ उत्तर नाही.

फिरंग आपल्याला नवी नाही

परदेशातून तलवार आणणे ही काही आजची हौस नव्हे. मराठ्यांच्या शस्त्रागारात ‘फिरंग’ हा शब्द मानाचा होता. जर्मनीतील सोलिंगेन, स्पेनमधील टोलेडो आणि इटलीतील कारखान्यांत घडलेली लांब, सरळ पाती समुद्रमार्गे कोकण किनाऱ्यावर उतरत. येथील कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ चढवीत आणि ते शस्त्र मराठी होऊन जाई. रघूजीराजांची परत आलेली तलवार याच जातीची आहे. तिचे पाते युरोपीय घडणीचे, मूठ मराठा धाटणीची, आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, त्यांचे सेनासाहेब सुभा हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरलेला. हे पद त्यांना लाभले ते सातारच्या गादीवरून, शाहू छत्रपतींकडून. म्हणजे या तलवारीचा मान सातारचा, पराक्रम नागपूरकरांचा आणि पोलाद युरोपचे! ज्या पूर्वजांनी परक्या पोलादाला आपले केले, त्यांच्या वंशजांना आपलीच तलवार घरी आणताना अडखळावे लागते, यातील विसंगती लक्षात घेतली पाहिजे.

ही अडखळण आली कोठून? तिचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. १८५७च्या समरानंतर इंग्रजांनी दक्षिण महाराष्ट्र निःशस्त्र करण्याचा सपाटा लावला. सातारच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी १७ देशभक्तांना देहदंड दिला गेला. त्याच वर्षी मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी हत्यारे खाली ठेवण्यास नकार देऊन बंड केले. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा शस्त्र कायदा आला. प्रजेच्या हाती शस्त्र म्हणजे राज्याला धोका, हे त्याचे सूत्र. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याची दृष्टी पुष्कळ उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु अंमलबजावणीच्या टेबलावर जुना संशय अजून बसलेला आढळतो.

कायदा काय म्हणतो?

या अधिनियमाच्या १०व्या कलमानुसार परवान्यावाचून कोणतेही शस्त्र भारतात आणता वा भारताबाहेर नेता येत नाही. मात्र याच कलमात एक सवलत आहे. ज्याला कायद्याने ते शस्त्र बाळगण्याची मुभा आहे, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी संख्येत ते परवान्याशिवाय आणू शकतो. ही सवलत लागू होते की नाही याविषयी सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो शस्त्र अडकवून ठेवू शकतो. येथेच मेख आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती आणि ‘खासगी वापर’ म्हणजे कोणता, हे सामान्य प्रवाशाला विमानतळावर पाऊल ठेवल्यानंतरच कळते.

त्यापुढे बाळगण्याचा प्रश्न. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे पाचव्या वर्गात मोडतात. तलवार, खंजीर, भाला ही त्यातील ठळक नावे. बंदुकीप्रमाणे त्यांना सर्वत्र सरसकट परवाना लागत नाही. केंद्र सरकारने ४थ्या कलमाखाली अधिसूचना काढून ज्या क्षेत्राला ते कलम लागू केले असेल, तेथेच त्यांच्यासाठी परवाना अनिवार्य होतो. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या ३७व्या कलमाखाली जिल्हाधिकारी ठरावीक मुदतीपुरती शस्त्रबंदी जारी करतात. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. त्या दिवसांत तलवार घेऊन रस्त्यावर आलेला मनुष्य, मग तो कितीही सद्हेतूने आलेला असो, गुन्ह्यास पात्र ठरतो.

४५व्या कलमात पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे. पण तिची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असलेले, आणि बंदूक म्हणून वापरता न येणारे शस्त्र या अधिनियमातून मुक्त आहे. आता तलवार बंदूक म्हणून वापरता येत नाही, हे सांगायला न्यायाधीश नको! तेव्हा शब्दशः वाचल्यास रघूजींच्या काळातील तलवार पूर्णतः मुक्त ठरावी. परंतु तिचे पुरातन मूल्य ठरवायचे कोणी, आणि त्याचा दाखला कोणत्या कार्यालयाने द्यायचा? पोलीस ठाण्यातील अंमलदाराकडून पुरातत्त्वाच्या ज्ञानाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला पाते दिसते, पाहणी करायला वेळ नसतो आणि वरून जाब विचारला जाण्याची भीती असते. तो गुन्हा नोंदवून मोकळा होतो.

दुसरा कायदा १९७२चा, पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम. शंभर वर्षांहून जुनी तलवार ही त्याच्या दृष्टीने पुरावस्तू होय. तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही आणि तिच्या व्यापाराला अनुज्ञप्ती लागते. परदेशस्थ बांधवांनी हे ध्यानी ठेवावे. एकदा येथे आणून घराण्यात ठेवलेली जुनी तलवार पुन्हा आपल्याबरोबर नेऊ म्हटले तर नेता येणार नाही. ज्या देशातून ती निघते तेथील नियमही पाळावे लागतात. ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनी आणि विशिष्ट किमतीपुढील सांस्कृतिक वस्तू हलवायची तर तेथील निर्यात परवाना हवा.

परत येण्याचे मार्ग

कोणी म्हणेल, जे आमचे आहे ते विकत का घ्यायचे? भावना रास्त आहे. परंतु सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा आहे आणि तो पूर्वलक्षी नाही. इंग्रजी अमदानीत गेलेल्या वस्तू त्याच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय सर्वच वस्तू लुटून गेल्या असेही नाही. कोल्हापूरच्या गादीवरील चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली जगदंबा तलवार कागदोपत्री ‘भेट’ आहे. पारतंत्र्यातील एका बालराजाची भेट कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण न्यायालयात त्याचे उत्तर मिळण्याचा संभव अल्प. तेव्हा उरतात ते तीनच मार्ग: सामंजस्याने मिळालेले दान, ठरावीक मुदतीची उसनवारी आणि लिलावातील खरेदी. वाघनखे आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. रघूजींची तलवार मात्र कायमची आली, कारण वेळेवर पैसा उभा राहिला.

खरेदी करताना पुराव्याकडेही डोळसपणे पाहावे. सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे गेलेली वाघनखे अफजलखानाच्या वधात वापरलेलीच, असे आपण निश्चित सांगू शकत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटले आहे. कोल्हापूरच्या अभ्यासकांनीही आक्षेप घेतले. अशा आक्षेपांनी रागावण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींची थोरवी एका वस्तूच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. उलट कागदपत्रांची सवय आपल्याला लागली, तर ‘ऐतिहासिक’ म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या बनावट मालापासून समाज वाचेल.

कोयता मोकळा, तलवार आरोपी

शासनाची सावधगिरी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. मिरज-सांगलीने सप्टेंबर २००९ मध्ये दंगलीचे दिवस पाहिले आहेत. अशा वेळी रस्त्यावरील प्रत्येक पाते पोलिसांना धोका वाटणारच. आणि आपल्यातीलच काही तरुण वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात, त्याची छायाचित्रे मिरवितात आणि शस्त्र अधिनियमाखाली पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. विजयादशमीला ज्या शस्त्रापुढे आपण हळदकुंकू वाहतो, त्याने मैद्याचा गोळा कापणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण त्याआधी तो शस्त्राचा अपमान आहे. सातारच्या जलमंदिरातून दसऱ्याला भवानी तलवारीची मिरवणूक निघते, तेव्हा तिच्याभोवती शिस्त असते, मर्यादा असते. ती मर्यादा हीच आपली परंपरा.

परंतु कायद्याचा विरोधाभासही पाहा. निव्वळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडविलेले हत्यार ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळलेले आहे. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास टोळक्यांनी दहशत माजविली ती ऊसतोडीचा कोयता हाती घेऊन. गुंडाला बाजारात कोयता सहज मिळतो. आणि मर्दानी खेळाचा वस्ताद मात्र पोरांना पट्टा शिकविण्यासाठी बोथट पाते मागवितो, तेव्हा ते शस्त्र की खेळाचे साहित्य या प्रश्नात अडकतो. २०२२च्या जून महिन्यात हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांना स्थान मिळाले. पंजाब, केरळ आणि मणिपूर यांनी आपल्या शस्त्रविद्येला नियमांत बसविले, मैदान मिळवून दिले. आमचा मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता. यात दोष केवळ दिल्लीचा नाही.

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा नको, आहे त्याला स्पष्टता हवी. पुरातन शस्त्र, सरावाचे बोथट शस्त्र आणि धारदार शस्त्र असे तीन वर्ग करून प्रत्येकासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी मराठीत प्रसिद्ध व्हावी. पुरातन मूल्याचा दाखला ठरावीक मुदतीत देण्याचे काम राज्याच्या पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे सोपवावे आणि त्याची प्रत पोलीस व सीमाशुल्क खात्याला ग्राह्य असावी. आखाड्यांची नोंद जिल्हा क्रीडा कार्यालयात व्हावी, त्यांच्याकडील प्रत्येक पात्याला क्रमांक असावा, आणि ते कोणी, कधी बाहेर काढले याची वही वस्तादाने ठेवावी. परदेशी लिलावांवर लक्ष ठेवणारा कायमस्वरूपी निधी राज्याने उभारावा, म्हणजे दर वेळी धावपळ होणार नाही.

आणि तोवर आपण काय करावे? तलवार आणू इच्छिणाऱ्याने ती विकत घेण्यापूर्वी लेखी विचारणा करावी, पावती आणि वस्तूचा पूर्वेतिहास जपून ठेवावा, विमानतळावर ती आपणहून जाहीर करावी आणि गावी पोहोचताच पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. लपवून आणलेली तलवार कितीही थोर कुळातील असली तरी ती चोरट्या मालाच्या यादीत जाते. शक्य असेल त्याने ती संग्रहालयाला द्यावी. सातारा जिल्ह्यातील औंधच्या पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर जमविलेला कलासंग्रह लोकांसाठी खुला केला, म्हणून तो आजही आपण पाहू शकतो. वाड्याच्या भिंतीवरील तलवार एका घराची असते, संग्रहालयातील तलवार समाजाची होते.

वाघनखांची मुदत संपेल आणि करारानुसार ती परत जातील. तेव्हा रिकाम्या पेटीपुढे उभे राहून हळहळण्यापेक्षा, पुढची तलवार स्वगृही येईल तेव्हा तिची वाट अडणार नाही अशी व्यवस्था आजच उभी करणे अधिक शहाणपणाचे. पूर्वजांनी शस्त्र मिळविले पराक्रमाने. आपल्याला ते जपायचे आहे विवेकाने आणि कायद्याने.