विचारता, तर उत्तरही द्या

घाट उतरून येणारी भाजी आणि घाट चढून जाणारे रुग्ण ही गोवा व बेळगाव यांच्यामधील जुनी देवघेव आहे. चोर्ला, अनमोड आणि आंबोली हे तीन घाट नसते तर आमच्या किती घरांचा औषधोपचार अडला असता, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. या वाटेने शिकणारी मुलेही पूर्वापार जातात. त्यांच्यापैकी काही जण अलीकडे एका निराळ्या विद्येकडे वळू लागले आहेत. ही विद्या म्हणजे सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर शिक्षण, ज्याला बोलीत 'एम.पी.एच.' म्हणतात. या अभ्यासक्रमाची ओळख आमच्या वाचकांस फारशी नाही, आणि जी थोडी आहे ती 'डॉक्टर होता आले नाही म्हणून' या तुच्छतेच्या सुरात आहे.

हा सूर अज्ञानाचा होय. वैद्य समोरच्या रुग्णास तपासतो. तोच रोग त्याच गल्लीत दहा घरी का शिरला, हे पाहण्यास त्यास सवड नसते, आणि बहुधा तशी शिकवणही नसते. ते पाहणारा माणूस वेगळा असावा लागतो. त्यास आकडेशास्त्र यावे लागते, साथींचा मागोवा घेता यावा लागतो, आणि पाणी, अन्न, मजुरी व घर यांचा रोगाशी असलेला संबंध उलगडता यावा लागतो. म्हणूनच वैद्यकाच्या पदवीधरांबरोबर दंतवैद्य, आयुर्वेदाचे व परिचर्येचे पदवीधर यांनाही हे दार खुले असते. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा. त्यात प्रबंध असतो आणि प्रत्यक्ष क्षेत्रातली इंटर्नशिप, म्हणजे आंतरवासिता, असते. आम्हास आज बोलावयाचे आहे ते या आंतरवासितेविषयी.

बेळगावचा या विद्येवर हक्क जुना आहे. टिळकवाडीतील ज्या विस्तीर्ण झाडीस लोक आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात, तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, त्या यशात अशा अनेक अनामिक आवारांचा वाटा आहे. पुढे १९६३ साली के.एल.ई. संस्थेने जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले. त्याच परिवाराच्या अभिमत विद्यापीठात आज एम.पी.एच. शिकविले जाते.

या महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टापूत केलेले एक काम सांगण्याजोगे आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा आपल्या खेड्यांतील बाळंतिणींचा जुना काळ. त्यावरचे नेहमीचे इंजेक्शन थंडाव्यात ठेवावे लागते आणि ते टोचावयास जाणकार हात लागतो. रात्री दोन वाजता वाडीवर यांपैकी काहीच नसते. मिसोप्रोस्टॉल नावाच्या साध्या गोळीने हे काम होईल काय, असा प्रश्न होता. १,६२० स्त्रियांपैकी काहींना ती गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. गोळी देणारे हात मोठ्या डॉक्टरांचे नव्हते, गावच्या परिचारिका-सुईणींचे होते. औषध न मिळालेल्यांत शंभरांमागे बारा जणींना जादा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. २००६ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बेळगावकडच्या बाळंतिणींनी जगातल्या बाळंतिणींना दिलेली ही भेट आहे. आमच्या किती वाचकांस ती ठाऊक होती?

आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्यांच्या अंगावर ज्ञान उभे राहते, त्यांच्या घरी ते परत जाते काय?

बेळगावपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर निपाणी आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे गाव पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, आता स्वतंत्र तालुका आहे. तंबाखू म्हणजे निपाणी, हे समीकरण महाराष्ट्रातल्या पोरासही ठाऊक. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी हा महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी बळी पडले. तंबाखूचा भाव त्या दिवसापासून देशास कळला. तंबाखू वखारीत कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांचा भाव मात्र वेगळाच राहिला. दीपा धनराज आणि 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट या स्त्रियांवर केला, म्हणून त्यांचे काम व त्यांची संघटना यांची चित्रफीत तरी शिल्लक आहे.

तंबाखू ओढावीच लागते असे नाही. तिचे विष कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान मोडून बसते, बोटे तंबाखूत आणि नाकासमोर धूळ. पोर शेजारीच खेळत असते. मजुरी हजारावर, त्यामुळे दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. विडीच्या पुड्यावर आज चित्रासह इशारा छापतात, आणि तो पुड्याचा बहुतेक दर्शनी भाग व्यापतो. हा इशारा ओढणाऱ्यासाठी आहे. वळणारीसाठी कोठेच काही छापलेले नाही.

अशा गल्लीत एम.पी.एच.चा विद्यार्थी येतो असे समजा. तो केरळचा असेल, ईशान्येकडचा असेल, आमच्या फोंड्याचा किंवा म्हापशाचाही असेल. हातात प्रश्नावली. 'गेल्या तीन महिन्यांत आपण आजारी होता काय?' बाई म्हणते, 'नाही.' रकान्यात 'नाही' भरले जाते. परंतु या बाईने चार महिने खोकला आणि घेरी अंगावर काढलेली असते. अंगावर काढलेले दुखणे हा तिच्या मते आजार नव्हेच. आजार म्हणजे अंथरूण धरणे! 'अंगावर काढणे' हा शब्दप्रयोग ज्यास ठाऊक नाही, त्याचा आकडा पहिल्याच रकान्यात चुकला. पुढे त्यावर गणिताचे कितीही संस्कार केले तरी चूक तशीच राहते. हीच गोष्ट कन्नड बाईबद्दलही खरी; तिलाही तिच्या बोलीत विचारणारा पाहिजे. सीमाभागात वखारीच्या एकाच रांगेत दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात.

भाषेचा हा प्रश्न मांडताच सीमावादाचा वास येतो हे आम्ही जाणतो. १९५६ पासूनचे हे भांडण, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सारे आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. आमची सहानुभूती कोठे आहे हेही लपलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांस आपली आरोग्य योजना देऊ केली, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली आणि दुखण्यालाही सीमारेषा असते हे दिसून आले. तथापि येथे आम्ही मागतो आहोत ते कोणत्याही राज्याचे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात की, ज्याच्यावर अभ्यास करावयाचा त्याची संमती त्यास समजणाऱ्या भाषेत घ्यावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेली जुनी तरतूदही आहे: जिल्ह्यात वा तालुक्यात ज्या भाषेचे लोक शेकडा पंधरा वा अधिक, त्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना निघाव्यात. संमती घेताना बाईची भाषा लागते, तर निष्कर्ष सांगताना का लागू नये?

आमची सूचना साधी आहे. आंतरवासिता संपविताना विद्यार्थ्याने आपला इंग्रजी प्रबंध विभागाकडे द्यावा, आणि एका पानाचा मराठी व कन्नड वृत्तान्त ज्या गल्लीत माहिती गोळा केली तेथे उभे राहून वाचून दाखवावा. या वाचनास गुण असावेत. बायांनी त्यावर काय विचारले हेही प्रबंधात जोडावे. या एका अटीने आंतरवासितेचे निम्मे ढोंग गळून पडेल, कारण ज्यास तोंडावर उत्तर द्यावयाचे आहे तो प्रश्न जपून विचारतो.

आणि बाया अवघड तेच विचारतील. 'तंबाखू वाईट, मग आम्ही खायचे काय?' विडी कामगार कल्याणासाठी १९७६ पासून जो उपकर होता, तो २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेला. तंबाखूवर जगणाऱ्यांना दुसरा रोजगार द्यावा, असे ज्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले आहे, तो भारताने २००४ सालीच मान्य केला आहे. निपाणीच्या गल्लीत त्याचा अर्थ काय झाला, याचे उत्तर विद्यार्थ्याजवळ नसेल. त्याच्या प्राध्यापकांजवळही नसेल. परंतु तंबाखूबंदीची भाषा बोलणाऱ्याने हा प्रश्न एकदा तरी त्या बाईच्या तोंडून ऐकला पाहिजे. वर्गातल्या फळ्यावर तो येत नाही.

राहिला नोकरीचा मुद्दा. मद्रास प्रांताने १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि तामिळनाडूत या कामाचा वेगळा सेवावर्ग आजही आहे. असा वर्ग सर्व राज्यांनी उभारावा हे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे. केंद्राने २०२२ साली त्याचा आराखडाही दिला. पदव्या वाटावयाच्या आणि पदे निर्माण करावयाची नाहीत, हा खेळ कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही सरकारांनी थांबवावा.

यंदा घाट चढून बेळगावास जाणाऱ्या गोमंतकीय मुलामुलींपैकी कोणी आंतरवासितेसाठी निपाणीची गल्ली निवडली, तर त्याच्या त्या एका पानासाठी आमच्या या दैनिकात जागा राखून ठेवलेली आहे. मात्र ते पान आधी निपाणीत वाचलेले असावे.