पडदा ग्राहकाचा, पाटी आमची

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका किराणा दुकानदाराशी आमचा तूरडाळीच्या दरावरून खटका उडाला. या गृहस्थांच्या वडिलांपासून आमच्या पेढीशी त्यांचा व्यवहार आहे आणि इतक्या वर्षांत शब्दाला शब्द लागण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. आमच्या संकेतस्थळावरील दरपत्रक पाहून त्यांनी मागणी नोंदविली आणि बिल हाती पडताच गाडीभाडे वेगळे का लावले, अशी विचारणा केली. दरपत्रकात ते स्पष्ट दिले आहे, असे उत्तर आम्ही काहीशा ताठ्यानेच दिले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेढीवर आले, खिशातील मोबाईल काढून आमच्यापुढे धरला व म्हणाले, “शेठ, कुठे दिलंय ते तुम्हीच दाखवा.” आम्हांस ते दाखविता आले नाही.

दरपत्रकात सहा रकाने होते: मालाचे नाव, प्रत, पोत्याचे वजन, दर, गाडीभाडे आणि अटी. गादीजवळच्या मोठ्या संगणकावर सहाही नीट दिसत. त्यांच्या मोबाईलवर चौथा रकाना संपताच पडदा संपत होता. उरलेले दोन उजव्या कडेपलीकडे गेले होते आणि पलीकडे काही आहे याची खूणही नव्हती. वादातील रक्कम आम्ही तत्काळ सोडून दिली. परंतु दुकानाच्या पाटीवर एक भाव लिहून आत दुसरा सांगणाऱ्यास आपण बाजारात काय म्हणतो, हे सभासद बंधूंस सांगणे नको. आमच्या हातून तेच घडले होते. हेतू नव्हता एवढेच.

संकेतस्थळ बांधणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. त्याने ते आपल्या पडद्यावर बेतले; आम्ही ते आमच्या पडद्यावर पाहून पसंत केले व पैसे चुकते केले. ग्राहकाच्या पडद्यावर ते कोणीच पाहिले नाही. ही खोड जुनी आहे. घरोघरी संगणक येऊ लागले तेव्हा पडदे ६४० गुणिले ४८० बिंदूंचे असत, पुढे ८०० गुणिले ६०० व १०२४ गुणिले ७६८ चे आले आणि ‘हे संकेतस्थळ अमुक मापाच्या पडद्यावर उत्तम दिसते’ अशी तळटीप अनेक जण अभिमानाने लावीत. म्हणजे दुकानाचे दार अरुंद ठेवावयाचे आणि गिऱ्हाइकाने अंग चोरून आत यावे अशी अपेक्षा करावयाची! जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन जाणकाराने २००० सालीच लिहिले होते, की छापील पानासारखी पक्की मापे येथे धरू नयेत. पान वाचणाऱ्याच्या साधनाप्रमाणे वळले पाहिजे. २००७ मध्ये आयफोन आला. सामान्य संकेतस्थळ ९८० बिंदू रुंद आहे असे धरून तो सारे पान आक्रसून दाखवी, त्यामुळे अक्षरे मुंगीएवढी होत. अखेर २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने एकच पान सर्व पडद्यांवर सामावून घेण्याची रीत एका लेखात मांडली. ती रीत आज सर्वमान्य आहे.

व्यापाऱ्यास ती समजण्यास कठीण नाही, कारण तिचा पाया शेकडेवारीचा आहे. भागीदारीत वाटणी रुपयांत न ठरविता आपण टक्क्यांत ठरवितो, म्हणजे नफा थोडा असो वा पुष्कळ, हिस्सा आपोआप बसतो. तशीच पानावरील रकान्यांची रुंदी टक्क्यांत द्यावयाची. चित्रेही आपल्या जागेबाहेर न जाता लहान होतील अशी ठेवावयाची. तिसरी गोष्ट म्हणजे अट: पडदा अमुक रुंदीपेक्षा लहान असेल तर शेजारशेजारचे रकाने एकाखाली एक यावेत. याखेरीज ‘साधनाची खरी रुंदी धरा’ अशी सूचना देणारी एक लहानशी ओळ पानाच्या शिरोभागी लागते. ती विसरली तर बाकीचे श्रम मोबाईलवर वाया जातात.

येथे एक फसगत होते. मोबाईलच्या खोक्यावर पडदा १०८० बिंदू रुंद असल्याचे छापलेले असते आणि मालकास वाटते, हा तर जुन्या संगणकाहून मोठा! प्रत्यक्षात असे कित्येक मोबाईल तीन बारीक बिंदूंचा एक हिशेबी बिंदू धरतात. रचनेस उरतात ते ३६०. क्विंटल आणि मण यांत घोळ घालावा तसाच हा प्रकार आहे.

आपल्या लिपीची अडचण तर परदेशी पुस्तकांत सापडावयाची नाही. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या चौकटीत मराठी मजकूर भरला, की वरच्या वेलांट्या व खालचे उकार कापले जातात. चौकटीची उंची बांधून न टाकता ओळींत मोकळी जागा सोडावी, हा त्यावर उपाय. मराठीबरोबर कन्नड मजकूर ठेवणाऱ्या आमच्या भागातील पेढ्यांनी दोन्ही लिप्या प्रत्यक्ष घालून पाहाव्यात. काही जण बोटांनी पान मोठे करण्याची सोयच बंद करून टाकतात, कारण म्हणे रचना बिघडते. साठी उलटलेल्या ग्राहकाचे डोळे बिघडले तरी चालतील काय?

कोणी म्हणतील, व्हॉट्सॲपवर दरपत्रकाचा फोटो पाठविला की झाले. रोजच्या भावासाठी आम्हीही तो पाठवितो. मात्र जुना फोटो हातोहात फिरत राहतो आणि महिन्यापूर्वीच्या दराने माल मागणारा भेटतो, हा अनुभव किती सभासदांस नाही? मोबाईलसाठी निराळे संकेतस्थळ ठेवण्याचाही सल्ला आम्हांस मिळाला होता. दोन वह्या ठेवल्या की एकीत नोंद राहून जाते, म्हणून आम्ही तो मानला नाही.

वेबचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संस्थेने २०१८ मध्ये एक कसोटी सांगितली: ३२० हिशेबी बिंदूंच्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा. या नियमात तक्त्यांना सवलत आहे. आमच्या मते दरपत्रकाने ती घेऊ नये. निदान दर आणि त्याची अट ही दोन एकमेकांपासून सुटता कामा नयेत.

आम्ही दरपत्रक नव्याने बांधून घेतले. लहान पडद्यावर आता प्रत्येक मालाची स्वतंत्र चिठ्ठी दिसते. दराखाली लगेच गाडीभाडे, त्याखाली अट. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हमालाच्या जुन्या मोबाईलवर, उन्हात उभे राहून, ते वाचून पाहिले. मग खानापूरच्या गृहस्थांस दूरध्वनी करून त्यांनाही पाहावयास लावले. सारे दिसते म्हणाले. फक्त वजनाचे आकडे थोडे ठळक करता येतील का, असे त्यांनी विचारले आहे.