पंचनाम्यात नसलेली बाई

आपली पाचगणी उंचावर असल्याने नदीचा पूर आपल्या दारात येत नाही. परंतु पारशी पॉइंटवरून खाली जे धोमचे पाणी दिसते, ते कृष्णेचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरांत कोसळणारा पाऊस वाईवरून कऱ्हाडला जातो, तेथे कोयना मिळते, आणि पुढे तेच पाणी सांगलीकडच्या गावांच्या उंबऱ्यात शिरते. म्हणून पुराचा प्रश्न ‘खालच्यांचा’ समजून सोडून देता येणार नाही, असे मला वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. दोष अलमट्टीच्या फुगवट्याचा की कोयनेच्या विसर्गाचा, यावर पारापासून वर्तमानपत्रांपर्यंत वाद झाले. ते व्हावेतच. पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटली, तीत बुडालेल्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, ही गोष्ट त्या वादात मागे पडली.

पाणी ओसरले की बाईचे काम वाढते. घरातला चिखल उपसायचा, भिजलेले धान्य वाळवायचे, ओले सरपण फुंकून चूल पेटवायची, विहीर गढूळ झाली म्हणून लांबून पाणी आणायचे. छावणीत आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाणीही न पिणारी बाई काय सोसते, हे कोणत्या रकान्यात लिहितात?

सरकारी मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. त्यात पडलेली भिंत, बुडालेला ऊस, मेलेली म्हैस मोजतात. पिकाची भरपाई सातबारावर ज्याचे नाव त्याला. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईचे नाव तेथे कसे असणार? रान पाण्याखाली गेले की तिची मजुरी बुडते, पण हे नुकसान कोणी धरीत नाही. आणि जिच्या घरची जमीन आहे, तिचे तरी नाव कोठे असते? ते लागावे म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची चळवळ चालवली, तिलाही तीन दशके उलटली.

कोणी म्हणेल, संकटात बाई-पुरुष असा भेद कशाला? पाणी भेद करीत नाही, हे खरे. कागद मात्र करतो.

माझे म्हणणे एवढेच, की पंचनाम्याच्या वेळी घरच्या बाईलाही विचारावे, तिची सही घ्यावी आणि बुडालेल्या मजुरीसाठी एक रकाना असावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. मित्रमैत्रिणींनो, एखादे शिबिर कृष्णाकाठच्या गावी घेऊन तेथील बायकांच्या तोंडून या नुकसानीची यादी लिहून काढू या. ती तलाठी-तहसीलदारांपुढे ठेवता येईल. चार बुके शिकलेल्यांनी एवढे तरी करावे.