गणवेशाखालची जखम : न्हावा शेवा येथील जवान आणि मानसोपचार

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यसभेत दिलेली माहिती अस्वस्थ करणारी होती. त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील ७३० जवानांनी आत्महत्या केल्या आणि ५५ हजारांहून अधिक जणांनी राजीनामा देऊन किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन दल सोडले. प्रत्येक आत्महत्येमागे लढाईचा आघातच असतो असे नाही. कर्ज, कौटुंबिक कलह, वेळेवर न मिळणारी रजा अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. तथापि, गणवेशातील माणसाचे मनही जखमी होते ही गोष्ट या आकड्यांनी देशासमोर स्पष्टपणे मांडली.

हा प्रश्न काश्मीरपुरता किंवा छत्तीसगडच्या जंगलापुरता मर्यादित नाही. तो आपल्या उरण तालुक्यातही आहे. १९८९ साली सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. त्याच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. जवळच करंजा येथे नौदलाचा तळ आहे. बंदराच्या फाटकावर वाहनांची कागदपत्रे तपासणारा जवान आपल्याला दिसतो, परंतु तो याआधी कोठे होता हे आपल्याला ठाऊक नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये छत्तीसगडमधील हिरोली येथे माओवाद्यांनी खाणीच्या स्फोटक भांडारावर हल्ला करून याच दलाचे आठ जवान ठार केले. एप्रिल २०२२ मध्ये जम्मूजवळील सुंजवान येथे जवानांच्या बसवर हल्ला झाला आणि त्यात एक अधिकारी मृत्युमुखी पडला. अशा ठिकाणी सेवा केलेला जवान ठरावीक काळाने बदलून दुसरीकडे जातो. त्याची बदली होते, पण आठवण मागे राहत नाही.

किंबहुना अनेकदा ही जखम शांत जागी पोहोचल्यावरच डोके वर काढते. संकटाच्या ठिकाणी सावध राहणे हे कर्तव्य असते. तीच सावधता सुरक्षित ठिकाणी शमली नाही, तर आजार होतो. घटनेचे प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येणे, भयस्वप्ने, मोठ्या आवाजाने दचकणे, झोप न लागणे, घरच्यांपासून तुटल्यासारखे वाटणे, त्या घटनेची आठवण करून देणारी माणसे आणि जागा टाळणे, ही त्याची लक्षणे. ती महिन्याहून अधिक टिकली आणि दैनंदिन जीवन विस्कळीत करू लागली, तर वैद्यकशास्त्र त्यास आघातोत्तर तणाव विकार म्हणते. पहिल्या महायुद्धात यालाच तोफगोळ्यांचा धक्का म्हणत आणि काही सैनिकांना भित्रे ठरवून शिक्षाही होत असे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या विकारास आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले, ते प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवामुळे.

या विकारावर उपचार आहेत. औषधांचा उपयोग होतो, परंतु मुख्य भर मानसोपचारावर असतो. एका पद्धतीत रुग्ण प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने तो प्रसंग सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सांगतो. आठवण टाळल्याने भीती वाढते. तिला सामोरे गेल्याने मन हळूहळू शिकते की ती घटना भूतकाळातील आहे. दुसऱ्या पद्धतीत, ‘माझ्यामुळेच सोबती गेला’ यांसारखे मनात रुतलेले निष्कर्ष तपासून पाहिले जातात. तिसरीत डोळ्यांच्या नियंत्रित हालचालींबरोबर आठवणीवर काम होते. साधारण दर आठवड्यास एक याप्रमाणे तीन-चार महिने ही बैठक चालते. मात्र अवास्तव आशा दाखवू नये. २०१५ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात सैनिकांवरील अशा उपचारांचा आढावा प्रसिद्ध झाला. निम्म्या किंवा त्याहून अधिक सैनिकांना लक्षणीय आराम पडला, पण सुमारे दोनतृतीयांश जणांमध्ये विकार पूर्णपणे गेला नव्हता. म्हणूनच एका शिबिराने किंवा एका व्याख्यानाने हे काम होणारे नाही.

आपल्याकडील अडचण येथेच आहे. रात्रपाळी, अचानक लागणारा बंदोबस्त आणि बदली यांमुळे बारा-पंधरा बैठकांचा क्रम मोडतो. न्हावा शेवा येथील जवान देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले असतात आणि मनातले दुःख मातृभाषेतच बोलता येते. याहून मोठी अडचण भीतीची आहे. सशस्त्र दलांत जवानाची वैद्यकीय श्रेणी ठरवताना मानसिक स्थितीचाही विचार होतो आणि श्रेणी घसरली की बढती अडते. मग शहाणा माणूस गप्प बसतो. ज्या व्यवस्थेत आजार सांगणे हेच नुकसानीचे ठरते, तेथे आजार लपतो आणि वाढतो.

काही आश्वासक पावले पडली आहेत. टेली-मानस ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत ती विनामूल्य मिळते. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिन्ही सेनादलांतील जवान व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. औद्योगिक सुरक्षा दल गृह मंत्रालयाखाली येते. त्याने २०२४ मध्ये ‘एम्पॉवर’ या संस्थेच्या साहाय्याने ‘मन’ हा समुपदेशन प्रकल्प हाती घेतला. दलाच्या माहितीनुसार २०२३ मधील २५ आत्महत्यांच्या तुलनेत २०२४ मध्ये १५ झाल्या. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि, समुपदेशन हे पहिले दार आहे. त्यापुढे आघातावरील प्रशिक्षित उपचार, उपचार पूर्ण होईपर्यंत बदलीला स्थगिती आणि बरे झालेल्यास पूर्ववत बढतीची हमी, या तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत.

ख्रिस्तसभेचे येथे काय काम? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सैनिकाला जनतेच्या सुरक्षिततेचा सेवक म्हटले आणि त्याच वेळी सर्वंकष युद्धाचा स्पष्ट धिक्कार केला. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर युद्धाने मोडलेल्या सेवकाची शुश्रूषा आपल्याकडे येते. संत जॉन ऑफ गॉड हे सोळाव्या शतकातील सैनिक. ग्रानाडा येथे ते मनाने कोलमडले तेव्हा त्यांना वेड्यांमध्ये डांबून त्या काळच्या रीतीप्रमाणे फटके मारण्यात आले. बाहेर पडल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी रुग्णालय उभारले. आज ते रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत आहेत.

धर्मगुरूंनी आणखी एक भेद ओळखणे अगत्याचे आहे. सोबती मेला आणि मी वाचलो, या भावनेने जवान पुन्हा पुन्हा पापनिवेदनास येत असेल, तर तेथे पाप नाही, जखम आहे. जे पापच नाही त्याची क्षमा कितीही वेळा मिळाली तरी मनाला शांती लाभत नाही. अशा वेळी धर्मगुरूने त्याला उपचारकाकडे जाण्यास सांगावे. याउलट, खरोखरच अपराध घडला असेल तर पश्चात्ताप आणि क्षमेचा संस्कार यांची जागा कोणताही मानसोपचार घेऊ शकत नाही. दोघांनी एकमेकांचे क्षेत्र ओळखून हातात हात घालून काम करावे.

कर्मेल डोंगरावरील रक्तपातानंतर एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुढची वाट लांबची आहे हे सांगितले. आपल्या धर्मग्रामात जवानांची कुटुंबे आहेत, निवृत्त होऊन आलेले सैनिक आहेत. ‘देवावर विश्वास ठेव, सगळे ठीक होईल’ असे म्हणून त्यांना परत पाठवण्याआधी त्यांना झोप लागते का, एवढे तरी आपण विचारावे.