भाड्याचं घर आणि कोरा भरवसा

आखातात राबून घेतलेला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि म्हातारपण काढायचं, हा आपल्यातल्या अनेकांचा हिशेब. पण ‘ओळखीचाच माणूस आहे’ म्हणून करार साध्या कागदावर होतो, आणि गफलत तिथेच होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं आधी खरं धरतात. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

उलट, लिव्ह-लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदतीनंतरही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं. नात्यात करार नोंदवायला आम्हालाही संकोच वाटतो. पण कागद पक्का असला, तर नातंही टिकतं.